मेड इन इंग्लंड, मुक्काम कोथरूड

मोबाईलवर आलेला फोन घ्यायचे पैसे पडणं नुकतंच बंद झालं होतं, त्यामुळे रजेवर गेलेल्या माणसाला छळायला साहेबांना मोकळं रान मिळालं होतं. अशा काळात, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, आमच्या ऑफिसातले दोघे सहकुटुंब युरोपला गेले. अकरा दिवसांत सात देश. परत आल्यावर त्यांनी सगळ्यांना फोटो दाखवले. प्रत्येक देशात ते एकाच बसच्या दारात उभे होते, फक्त स्वेटर बदलले होते.

मीही त्याच आठवड्यात चार दिवसांची रजा काढून इंग्लंडच्या शोधात निघालो, पण कर्वेनगरहून आणि स्कूटरवरून. सगळा प्रवास मिळून अंतर पन्नास किलोमीटरही भरलं नसेल. तरी हे प्रवासवर्णन लिहायचा मला पूर्ण हक्क आहे, कारण माझ्या ओळखीतलं कोणीही या मार्गाने गेलेलं नाही आणि शहाणं असेल तर जाणारही नाही.

आधी माझा आजार सांगतो. मी ओतीव धातूच्या जुन्या खेळण्यातल्या गाड्या जमवतो. तळहातावर मावणाऱ्या, दारं उघडणाऱ्या, खऱ्या गाडीची हुबेहूब नक्कल असलेल्या. जमवणारे पुष्कळ आहेत, पण माझं सोवळं जरा कडक आहे. इंग्रजी गाडी असेल तर ती इंग्लंडमध्येच बनलेली हवी, फ्रेंच असेल तर फ्रान्समध्ये, जर्मन असेल तर जर्मनीत. पुढे हे कारखाने हाँगकाँगला गेले, मकावला गेले आणि शेवटी चीनला जाऊन स्थिरावले. गाडी तीच, रंग तोच, पण पोटाखाली वेगळ्या देशाचं नाव. तसली गाडी मी घरात घेत नाही. त्यामुळे कुठलीही गाडी हातात आली की मी आधी ती उलटी करून बघतो. माझी बायको म्हणते, "बरं झालं, मला बघायला आलात तेव्हा तुम्हाला हा नाद नव्हता."

ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मित्राने तर एकदा माझी पार शोभा केली. म्हणाला, "इंग्लंडातल्या विमा कंपनीचं काम तू दिवसभर हिंजवडीत बसून करतोस. तुझ्यापायी तिकडे किती लोक घरी बसले असतील देव जाणे. आणि संध्याकाळी घरी जाऊन तुला मेड इन इंग्लंड पाहिजे?" यावर मी, ते वेगळं आणि हे वेगळं, असं म्हणालो. काय वेगळं ते मला अजून सुचलेलं नाही.

माझ्या कपाटात इंग्लंडची रांग जवळजवळ पूर्ण झाली होती. एकच जागा रिकामी होती, गडद हिरव्या रंगाच्या चार दारांच्या गाडीची. चार वर्षं मी ती शोधत होतो. इंटरनेटवर तिची किंमत वाचून मी दोनदा कॉम्प्युटर बंद केला होता. ती पुण्यात कुठेतरी असणार असं मला उगाचच वाटायचं, आणि तेवढ्यावर मी चार दिवसांची रजा टाकली.

बुधवार: जुना बाजार

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. रविवारी हौशी लोक येतात, म्हणून जाणकाराने बुधवारी जावं, असं मी कुठूनतरी ऐकलं होतं. बुधवारी सगळे जाणकारच येतात हे तिथे गेल्यावर कळलं.

रस्त्याच्या कडेला गोणपाटं अंथरलेली आणि त्यावर जगातलं सगळं तुटकं सामान मांडलेलं. किल्ल्या नसलेली कुलुपं एका ढिगात, कुलुपं नसलेल्या किल्ल्या दुसऱ्या ढिगात, आणि दोन्हींचे मालक वेगवेगळे. काळे टेलिफोन, कुणाच्या तरी कवळ्या, कुणाला तरी मिळालेली पदकं. आमच्या अकोल्याला माणूस जुनी वस्तू विकताना थोडा ओशाळतो. इथे विकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असा भाव असतो की वस्तू दाखवली हेच उपकार.

एका टोपीवाल्या म्हाताऱ्यापुढे सात-आठ गाड्या दिसल्या. मी उकिडवा बसलो, खिशातून पांढरे सुती हातमोजे काढून चढवले आणि भिंग लावून एकेक गाडी उलटी करायला लागलो. संग्राहकांच्या पुस्तकात तसं करावं असं लिहिलेलं असतं.

"साहेब, गाडी बघताय की ऑपरेशन करताय?" म्हातारा म्हणाला.

आजूबाजूचे चार लोक जमले. पहिली गाडी चीन, दुसरी चीन, तिसरीवर काही लिहिलेलंच नव्हतं, चौथीचं पोट माझ्या हातात निघून आलं. "आता ही घ्यावी लागेल," म्हातारा म्हणाला. मी घेतली. शेजारच्या माणसाने तशीच गाडी माझ्या डोळ्यांदेखत तिसऱ्या हिश्शात नेली. त्याने हातमोजे घातले नव्हते.

मी हिरव्या गाडीचं वर्णन केलं. म्हाताऱ्याने कान खाजवला. "होती. आता नाही, गणपतीच्या आधी. बुधवार पेठेतल्या रेडिओवाल्यांनी नेली. ते मोडकी खेळणी चालू करतात."

चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी ती पाहिली होती. आनंदाच्या भरात मी हातगाडीवरचा वडापाव खाल्ला. आमच्याकडे आलूबोंडा तर्रीदार रश्श्यात बुडवून देतात, नाकातोंडातून पाणी येतं आणि मग जेवल्यासारखं वाटतं. इथे वड्यासोबत एक तळलेली मिरची मिळाली. दुसरी मागितल्यावर वडेवाला म्हणाला, "वडा खायला आलात का मिरची?"

गुरुवार: बुधवार पेठ

बुधवार पेठेत गुरुवारी गेलो, आणि गुरुवारी पुण्यात वीज जाते हे विसरलो. पण विसरलो ते बरंच झालं. वीज नसल्यामुळे रेडिओवाल्यांना काम नव्हतं, म्हणून त्यांनी माझ्याशी बोलायचं मान्य केलं.

दुकान पोटमाळ्यावर. जिना इतका अरुंद की वरून माणूस उतरत असेल तर खालच्याने परत रस्त्यावर यायचं. वर चहूबाजूंनी उघडे रेडिओ, आणि मधे साठीचे एक गृहस्थ बनियन घालून आणि चष्म्यावर दुसरा चष्मा लावून बसलेले.

"आपलं काम?"

"हिरवी गाडी. खेळण्यातली. जुन्या बाजारातून आपण आणलीत असं कळलं."

"आपण खेळता?"

"नाही, संग्रह करतो."

"म्हणजे खेळत नाही."

"नाही."

"मुलं खेळतात?"

"छे, मी कोणाला हात लावू देत नाही."

"मग आणता कशाला?" असं म्हणून त्यांनी उत्तराची वाट न पाहता एक स्क्रू फिरवायला घेतला. मी त्यांना मूळ रंग, मूळ चाकं, मूळ खोकं यांचं महत्त्व समजावून सांगितलं. दहा मिनिटं तरी बोललो असेन. त्यांनी मान वर केली नाही, पण शेवटी म्हणाले, "गाडी चांगली होती. चाकं डुगडुगत होती. मी दोन्ही आस काढून सायकलच्या तारेचे घातले. आता पंचवीस वर्षं बघायला नको."

इंग्लंडच्या कारखान्यात बसवलेले आस काढून बुधवार पेठेतली सायकलची तार. देवाच्या मूर्तीला प्लॅस्टिकचा हात बसवावा तसं ते मला वाटलं. तरी मी विचारलं, ती गाडी आहे कुठे? एका तात्यांनी नातीसाठी नेली, असं उत्तर मिळालं. कोथरूडची जमीन सोसायट्यांना देऊन तात्यांनी डोंगरापलीकडे बंगला बांधला होता. पत्ता एका जुन्या पावतीच्या मागे लिहून देताना रेडिओवाल्यांनी तेलाचा डबा माझ्या बाहीवर कलंडवला. "डाग जाणार नाही," ते म्हणाले. त्यांचं म्हणणं खरं ठरलं.

शुक्रवार: डोंगरापलीकडे

चांदणी चौक ओलांडला की तेव्हा पुणं संपायचं आणि पुढे जे सुरू व्हायचं त्याला काय म्हणावं हे ठरलेलं नव्हतं. एका बाजूला ज्वारी, दुसऱ्या बाजूला 'लक्झुरियस' असं लिहिलेला फलक, आणि फलकाच्या सावलीत म्हैस.

तात्यांचा बंगला लांबून ओळखू आला. त्याला खांब होते. फाटकाबाहेर वाळूचा ढीग, ढिगात पाच-सहा वर्षांची एक मुलगी, आणि तिच्या हातात माझी हिरवी गाडी. रंग निम्मा उडालेला, काचा गायब, टपावर घरंगळल्याच्या खुणा. मी स्कूटर तशीच आडवी केली, वाळूत गुडघे टेकले आणि भिंग काढलं.

मागून आवाज आला, "मोजणीवाले का?"

पांढऱ्या सदऱ्यातले तात्या उभे होते. त्या भागात अनोळखी माणूस जमिनीकडे वाकून बघताना दिसला की तो जमीन मोजायलाच आलेला असणार, असा अनुभव होता. माझा दुसराच कारभार कळल्यावर ते मोकळे झाले. "खेळण्यापायी रजा काढली? बसा की, च्या घ्या. मोजणीवाला नसंल तर पाव्हणाच म्हणायचा."

नातीने मोठ्या मनाने गाडी दोन मिनिटं माझ्या हातात दिली. मी ती उलटी केली. चिखल पुसला. मेड इन इंग्लंड, अगदी स्वच्छ. त्याच्या दोन्ही बाजूंना सायकलची तार.

"विकणार का?" मी विचारलं.

"गाडी तिची हाय. तिला इचारा."

मी तिला विचारलं. ती नाही म्हणाली आणि गाडी हिसकावून परत वाळूत बोगदा करायला गेली. तिच्या आजोबांनी एका सहीने कित्येक एकर दिले होते, पण ही पोर तशातली नव्हती.

तात्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. कोंबडीचा झणझणीत रस्सा आणि परातीएवढी भाकरी. तीन दिवसांत पहिल्यांदा घरी असल्यासारखं वाटलं, आणि मी ते तोंडाने सांगितलंही. तात्यांना बरं वाटलं असावं, कारण दुसरी भाकरी मोडताना ते म्हणाले, "अशी नवीकोरी गाडी पायजे ना तुमाला? आमच्याच जमिनीवरच्या सोसायटीत एक काका हायत. कपाट भरून हायत त्यांच्याकडं. नातीला घेऊन गेलो हुतो बघायला. हात लावू दिला न्हाय. काचेवर बोट लावलं तर फडक्यानं पुसून काढलं. पोर रडाया लागली, म्हणून तर ही रेडिओवाल्याकडनं आणली."

"त्यात हिरवी आहे का?"

"हाय की. मधल्या फळीवर."

उरलेली भाकरी तशीच ठेवून मी काकांचा पत्ता लिहून घेतला.

शनिवार: कोथरूड

आता या प्रवासात मला लागलेला भूगोलाचा एक शोध सांगतो. इंग्लंडमध्ये बनलेली जुनी खेळणी इंग्लंडमध्ये चांगल्या अवस्थेत मिळत नाहीत, कारण तिथली मुलं त्यांच्याशी खेळली. ती सर्वांत चांगली राहिली ती पुण्यातल्या दिवाणखान्यात. परदेशी गेलेला काका, मामा खेळणं पाठवणार, घरातले ते मुलाला लांबून दाखवणार, मुलगा आनंदाने उडी मारणार, आणि त्याच उडीकडे बोट दाखवून वडील म्हणणार, "बघितलंस? असाच मोडशील." मग खेळणं शोकेसमध्ये. पाहुणे येतात, बघतात, वा म्हणतात. मुलगाही पाहुण्यांबरोबर बघतो. आम्हा संग्राहकांनी खरं तर पुण्यातल्या बापांचे आभार मानायला हवेत.

काकांनी दार साखळीएवढं उघडलं. पंच्याहत्तरीच्या घरातले, ताठ, सरकारी खात्यातून निवृत्त. इस्त्रीचा लेंगा.

"तात्यांनी पाठवलं," मी म्हणालो.

"त्यांनी आमच्या काचेवर बोटं उमटवली होती. आपण कुठले?"

"अकोल्याचा. आता कर्वेनगर."

"लांब आहे," ते म्हणाले. यातलं कुठलं लांब ते मी विचारलं नाही. त्यांची नजर माझ्या खिशातून डोकावणाऱ्या हातमोज्यांवर पडली आणि पहिल्यांदाच साखळी निघाली. जुन्या बाजारात ज्या मोज्यांनी मला बुडवलं, त्यांनीच इथे घरात घेतलं.

शोकेस भिंतभर होता. मधल्या फळीवर अकरा गाड्या, प्रत्येकीमागे तिचं खोकं उभं केलेलं. आणि डावीकडून चौथी, ती हिरवी. रंगावर एक ओरखडा नाही, चारही दारं बंद, पुढचे दिवे चकचकीत. मला खरोखर हात जोडावेसे वाटले.

काकांचे थोरले बंधू इंग्लंडला नोकरीला होते. पुतण्याच्या, म्हणजे काकांच्या मुलाच्या, श्रीरंगच्या, प्रत्येक वाढदिवसाला ते एक गाडी पाठवायचे. अकरा वाढदिवस, अकरा गाड्या. श्रीरंग आता चाळिशीचा, अमेरिकेत कॉम्प्युटरमध्ये.

"कधी येतात?" मी सहज विचारलं.

"सहा वर्षं झाली," काका म्हणाले. स्वयंपाकघरात झारा कढईवर आपटल्याचा आवाज आला. काकू चकल्यांचा पहिला घाणा काढत होत्या. काकांनी आवाज खाली आणला. "गेल्या खेपेला इथेच, या कपाटासमोर उभा राहून म्हणाला, बाबा, तुम्ही एकदाही माझ्या हातात गाडी दिली नाहीत. पस्तीस वर्षांचा घोडा, आणि डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, दिली असती तर आज शिल्लक राहिली असती का? निघून गेला. फोन करतो, आईशी बोलतो."



"म्हणून मला एक पत्र हवं आहे," काका म्हणाले. "आपण जाणकार. आपण लेखी द्या, की या अकराही गाड्या न खेळलेल्या, मूळ स्थितीत आहेत, आणि म्हणून आज त्यांना अमुक इतकी किंमत आहे. मी ते त्याला पाठवणार. मला पैसे नकोत. मी बरोबर होतो, एवढं त्याला कळलं पाहिजे. त्याबदल्यात एक गाडी आपण न्या. कुठलीही."

आता मी काही संत नाही. मी त्याच क्षणी मनातल्या मनात पत्राचा मायना तयार केला. काकांनी कनवटीची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि हिरवी गाडी दोन्ही हातांनी माझ्या हातांत ठेवली. मी ती उलटी केली.

पोटावर ठसठशीत अक्षरात कोरलेलं होतं: 'चि. श्रीरंग यास सहाव्या वाढदिवसानिमित्त सप्रेम भेट', खाली तारीख. भांड्यांवर ठोकून नाव घालतात ना, तसं. मूळ अक्षरांपैकी 'मेड इन' एवढंच वाचता येत होतं, पुढे इंग्लंडच्या जागी चि. श्रीरंग बसला होता.

"काका, हे काय केलंत?"

"काय म्हणजे? नाव घातलं. भांडीवाल्याकडून. अकराही गाड्यांवर आहे. दिवाळीची भांडी गेली की त्यांबरोबर जायच्या."

"अहो, पण याने किंमत गेली. संग्राहक ही गाडी हातात धरणार नाही."

"नाव घातल्याने किंमत जाते?" काका ताठ झाले. "वस्तूवर नाव नको? मग ती कोणाची ते कळणार कसं? आपल्या गाड्यांवर नाव नाही? उद्या चोरीला गेल्या तर आपण पोलिसांना काय दाखवणार, हातमोजे?"

मला हसावं की रडावं कळेना. नाव मुलाचं, किल्ली बापाच्या कनवटीला, आणि वर मालकी कळावी म्हणून ही सगळी ठोकाठोक. मी त्यांना समजावत राहिलो, ते मला खोडत राहिले. माझं एक वाक्य झालं की त्यांची दोन. पुण्यात राहून मी इतकं शिकलो होतो की वादात हरणं हा मोठा अपमान असतो, आणि मी हरत होतो. चार दिवसांची दगदग, बाहीवरचा डाग, वाळूतले गुडघे, सगळं डोक्यात चढलं. शेवटचं भिंग लावावं म्हणून मी चाकांकडे पाहिलं, आणि मला जिंकायचं साधन सापडलं.

मागच्या आसाभोवती, चाकाच्या आतल्या बाजूला, लाल लोकरीचा धागा घट्ट गुंडाळलेला होता. आमच्यातल्या कोणालाही विचारा, नुसती ठेवलेली गाडी धागा गुंडाळत नाही. सतरंजीवरून शेकडो वेळा पळवली तरच तो असा आत बसतो. मी दुसरी गाडी उचलली, तिसरी उचलली. लाल, लाल.

"आणि काका, न खेळलेल्या वगैरे काही नाहीत या," मी जोरात म्हणालो. "चांगल्या भरपूर खेळलेल्या आहेत. अकराच्या अकरा."

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला. काकू दारात आल्या होत्या. हाताला चकलीचं पीठ, आणि नजर माझ्यावर अशी, की मी काय करून बसलो ते मला तेव्हा कळलं. मला माझी लाज वाटली. एका म्हाताऱ्या माणसाला वादात हरवायला मी त्याच्या बायकोचं पस्तीस वर्षांचं गुपित वापरलं होतं.

काकांनी माझ्या हातातून गाडी घेतली. भिंग घेतलं. खिडकीजवळ जाऊन बराच वेळ बघत राहिले.

"ही आपल्या जुन्या घरातली सतरंजी," ते म्हणाले. "लाल." मग वळून काकूंना विचारलं, "कधी?"

"तुम्ही ऑफिसात असताना," काकू म्हणाल्या. "त्याची शाळा सकाळची होती. जेवण झालं की काढायचा. पाच वाजता मी पुसून, होत्या तशा लावून ठेवायची."

"किल्ली माझ्यापाशी असायची."

"पिठाच्या कपाटाची लागते याला."

काकांनी कनवटीला हात लावला आणि काढून घेतला. "रोज?"

"रोज. तापात होता तेव्हा अंथरुणात घेऊन बसायचा."

"हीसुद्धा?"

"हीच जास्त."

कढईतून जळका वास यायला लागला, पण कोणी हललं नाही. काका सोफ्यावर बसले, ताठ न बसता बसले, तेव्हा ते किती वयाचे आहेत ते दिसलं. मला वाटलं आता ते काकूंवर ओरडतील. मी दाराकडे सरकायच्या बेतात होतो.

"मग तो असं का म्हणाला?" काकांनी विचारलं. "मी कधी दिली नाही म्हणून?"

"तुम्ही दिली नाहीत, असं म्हणाला," काकू म्हणाल्या. "मी नाही दिली असं कुठे म्हणाला?"

काकू आत गेल्या, गॅस बंद केला, आणि बशीत जरा काळसर झालेल्या चार चकल्या घेऊन आल्या. बशी माझ्यापुढे ठेवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मी एक चकली उचलली आणि तशीच हातात धरून बसलो. माफी मागायला हवी होती, आणि मी ती मागितली. "बसा," एवढंच त्या म्हणाल्या.

काही सुचेना तेव्हा माणूस आपल्या धंद्याकडे वळतो. चकली बशीत परत ठेवून मी खिशातून टाचणी काढली. असे धागे काढायचं कसब माझ्याकडे आहे, रंगाला धक्का न लावता दोन मिनिटांत आस मोकळा होतो. निदान एवढं तरी करून जावं, असं वाटलं.

"द्या काका," मी हात पुढे केला. "धागा काढून देतो. खेळल्याचं कोणाला ओळखूही येणार नाही."

काकांनी गाडी छातीशी धरली.

"हात लावू नका," ते म्हणाले. "खेळलाय तो."